सुई कुणाची, शिक्षा कुणाला?

१९९४ साली अमेरिकेत झालेल्या जागतिक फुटबॉल स्पर्धेतले एक दृश्य त्या काळी दूरदर्शनसमोर जागरण केलेल्यांना नक्की आठवत असेल. नायजेरियाविरुद्धचा सामना संपला आहे. पांढऱ्या पोशाखातली एक स्त्री मैदानात येते आणि दिएगो मॅराडोनाचा हात धरून त्याला लघवीचा नमुना देण्यासाठी घेऊन जाते. मॅराडोना हसत हसत तिच्याबरोबर जातो. काही दिवसांनी तपासणीचा निकाल लागला. नमुन्यात एफेड्रिन आणि त्याच्या कुळातली मिळून पाच द्रव्ये सापडली होती. मॅराडोना स्पर्धेबाहेर गेला, पुढे त्याच्यावर १५ महिन्यांची बंदी आली. अर्जेंटिनाने तो सामना २-१ असा जिंकला होता. तो निकाल तसाच राहिला.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत रासायनिक पृथक्करणावर बोलताना आम्ही ही गोष्ट सांगितली. नमुना दोन बाटल्यांत कसा विभागतात, क्रोमॅटोग्राफीने त्यातले घटक वेगळे कसे करतात, मास स्पेक्ट्रोमीटर त्यांची ओळख कशी पटवतो, हे सगळे सांगून झाल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, ‘‘पण मग नायजेरियाचं काय?’’ रसायनशास्त्राबद्दल तिची काही शंका नव्हती. फसवणूक झाली असेल तर ती अकरा जणांशी झाली, फायदा झाला असेल तर तो अकरा जणांचा झाला, मग शिक्षा एकट्याला कशी, एवढेच तिला कळत नव्हते.

त्या दिवशी आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली. नंतर या विषयाचा इतिहास वाचत गेलो तेव्हा दिसले, की हा प्रश्न भल्याभल्या कायदेपंडितांनाही सुटलेला नाही. धावण्याच्या शर्यतीत त्याचे उत्तर सोपे आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जमैकाच्या चौघांनी ४ × १०० मीटर रिले जिंकली. त्यांच्यातल्या नेस्टा कार्टरचा साठवून ठेवलेला नमुना पुन्हा तपासला, त्यात उत्तेजक निघाले आणि २०१७ मध्ये चौघांचीही सुवर्णपदके काढून घेण्यात आली. त्यात उसेन बोल्टचेही पदक गेले. फुटबॉलमध्ये मात्र संघ म्हणजे नुसते अकरा खेळाडू नसतात. त्यांच्यामागे क्लब असतो. क्लबचा डॉक्टर असतो, प्रशिक्षक असतो, औषधांचे कपाट असते, पगार देणारे कार्यालय असते. खेळाडूच्या दंडात सुई टोचणारा हात बहुधा याच मंडळींपैकी कुणाचा तरी असतो.

माकडाच्या ग्रंथी

हा हात फार जुना आहे. इंग्लंडमधल्या आर्सेनल क्लबचे व्यवस्थापक लेस्ली नाइटन यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की १९२५ साली वेस्ट हॅमविरुद्धच्या सामन्यासाठी त्यांनी खेळाडूंना ‘जोम आणणाऱ्या’ गोळ्या दिल्या. गोळ्या घेतल्या आणि धुक्यामुळे सामनाच रद्द झाला. अंगात संचार झालेले, घशाला कोरड पडलेले खेळाडू आणि समोर सामना नाही, असा तो प्रकार. पुढे पुढे खेळाडूंनीच त्या गोळ्या घ्यायला नकार दिला.

वुल्व्हरहॅम्प्टन वॉन्डरर्स या क्लबची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे व्यवस्थापक मेजर फ्रँक बकली यांनी खेळाडूंना ‘ग्रंथी उपचार’ सुरू केले. प्राण्यांच्या ग्रंथींचा अर्क टोचायचा, म्हणजे तारुण्य आणि ताकद वाढते, अशी तेव्हा समजूत होती. पॅरिसमध्ये सर्ज व्होरोनॉफ हा शल्यविशारद माकडांच्या वृषणांच्या चकत्या वयस्क पुरुषांच्या शरीरात बसवून प्रसिद्धीला आला होता. त्यामुळे वर्तमानपत्रांनी बकलींच्या इंजेक्शनांनाही ‘माकडाच्या ग्रंथी’ असेच नाव दिले. बकलींनी आधी स्वतःवर हा उपचार करून पाहिला होता, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

आज आपल्याला माहीत आहे, की असल्या अर्कातून फारसे काही साधत नसणार. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वृषणात तयार होते, पण तिथे त्याचा मोठा साठा नसतो. ते तयार होते तसे रक्तात जाते. शिवाय ते पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणजे ग्रंथी वाटून पाण्यात अर्क काढला तर हाती येते ते बहुतेक प्रथिनांचे पाणी. वुल्व्हजने १९३८ मध्ये लेस्टरला १०-१ असे आणि १९३९ मध्ये एव्हर्टनला ७-० असे हरवले, त्याचे श्रेय ग्रंथींना द्यायचे तर त्याच वर्षीच्या चषकाच्या अंतिम सामन्यात पोर्ट्समथकडून ते ४-१ असे का हरले, हेही सांगावे लागेल. पोर्ट्समथच्या खेळाडूंनीही ग्रंथी उपचार घेतले होते, असे तेव्हा बोलले जात होते!

पण आपल्याला रस आहे तो त्यावर खेळाच्या चालकांनी काय केले यात. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेल्यावर फुटबॉल लीगने ठरवले, की बंदी घालायची नाही. खेळाडूंच्या खोलीत सूचना लावायची, की असे उपचार ज्याने त्याने स्वखुशीने घ्यावेत. या ‘स्वखुशीने’ शब्दावर थोडे थांबू. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, संघात जागा मिळेल की नाही याची धास्ती, समोर मेजरसाहेब आणि हातात भरलेली सुई. यात खुशी किती आणि निरुपाय किती? पंच्याहत्तर वर्षांनी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला हाच शब्द पुन्हा पुढे आला. तिकडे जाण्यापूर्वी मधल्या काळात काय घडले ते पाहू.

बाटलीवर एकच नाव

१९६६ च्या जागतिक फुटबॉल स्पर्धेत उत्तेजकांची तपासणी प्रथम सुरू झाली. पुढे गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमीटर यांची जोडी आली आणि मिलिलिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, इतके द्रव्यही हुडकता येऊ लागले. विज्ञानाची ही प्रगती अभिमानास्पदच आहे. पण तिच्यामुळे कायद्याला एक वळण लागले, आणि ते आम्हा प्रयोगशाळावाल्यांच्या ध्यानात आले नाही. बाटलीवर एकाच माणसाचे नाव असते. यंत्र सांगते, की या शरीरात हे द्रव्य आहे. ते कुणी घातले, हे यंत्राला कळत नाही.

म्हणून नियम करणाऱ्यांनी सरळ मार्ग काढला. ज्याच्या शरीरात द्रव्य सापडेल तो जबाबदार. त्याला माहीत होते की नाही, त्याचा हेतू काय होता, हे विचारायचेच नाही. फार तर शिक्षा कमी करताना त्याचा विचार करायचा. वाडा, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, १९९९ साली स्थापन झाली. तिच्या संहितेचा पाया हाच आहे. नियम कठोर वाटतो, पण तो नसता तर प्रत्येक जण ‘कुणीतरी सरबतात घातले’ म्हणून सुटला असता.

मग संघाचे काय? संहितेच्या अकराव्या कलमात त्याचे उत्तर आहे. एका स्पर्धेच्या काळात संघातले एकापेक्षा जास्त खेळाडू अडकले तर त्या संघाची खास तपासणी करायची. दोनपेक्षा जास्त दोषी ठरले तरच संघाला शिक्षा करायची: गुण कापणे, स्पर्धेतून काढणे किंवा आणखी काही. म्हणजे तिसरा सापडेपर्यंत क्लब नामानिराळा. सप्टेंबर २०१५ मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये दिनामो झाग्रेबने आर्सेनलला २-१ असे हरवले. सामन्यानंतर दिनामोच्या अरियान अदेमीच्या नमुन्यात स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड सापडले. त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली (ती पुढे लवादाने कमी केली), सामन्याचा निकाल कायम राहिला. आर्सेनलचे तेव्हाचे व्यवस्थापक आर्सेन वेंगर यांनी हा नियम आपल्याला पटत नसल्याचे उघड सांगितले. नववीतल्या त्या मुलीचा आणि वेंगर यांचा प्रश्न एकच होता.

यादीत नसलेली औषधे

इटलीत एकदा उलट दिशेने प्रयत्न झाला. १९९८ साली झ्देनेक झेमान या प्रशिक्षकाने जाहीर मुलाखतीत म्हटले, की इटालियन फुटबॉलने आता औषधांच्या दुकानातून बाहेर पडावे. त्यावरून ट्यूरिनचे सरकारी वकील राफाएले ग्वारिनिएल्लो यांनी युव्हेंटस क्लबची चौकशी सुरू केली. क्लबकडे २८१ प्रकारची औषधे मिळाली. एखाद्या लहान इस्पितळालाही पुरून उरावा असा हा साठा, आणि तो कुणासाठी, तर देशातल्या सर्वांत धडधाकट तरुणांसाठी!

खटला उभा राहिला तो १९९४ ते १९९८ या काळाबद्दल. याच काळात युव्हेंटसने तीनदा इटलीचे अजिंक्यपद आणि एकदा युरोपचा चषक जिंकला होता. इटलीत तेव्हा उत्तेजकविरोधी वेगळा फौजदारी कायदा नव्हता, म्हणून १९८९ च्या खेळातील फसवणुकीच्या कायद्याचा आधार घ्यावा लागला. २००४ मध्ये खालच्या न्यायालयाने क्लबच्या डॉक्टरांना २२ महिन्यांची शिक्षा सुनावली, व्यवस्थापकीय संचालकांना निर्दोष सोडले. २००५ मध्ये अपिलात डॉक्टरही सुटले. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपिलाच्या निकालातला काही भाग चुकीचा ठरवला, पण तोवर खटल्याची मुदतच संपली होती. क्लबने आरोप पहिल्यापासून नाकारले होते. एकही अजिंक्यपद काढून घेतले गेले नाही.

खरी अडचण अशी होती, की कपाटातली बहुतेक औषधे बंदीच्या यादीत नव्हतीच. आजार नसताना धडधाकट माणसाला औषधे देणे वैद्यकाच्या दृष्टीने गैर असेल, पण लोझान येथील क्रीडा लवादाने २००५ मध्ये सल्ला दिला, की यादीत नसलेल्या औषधासाठी क्रीडासंस्थेला कुणाला शिक्षा करता येणार नाही. म्हणजे नमुना हवा किंवा यादी हवी. एसेंडनमध्ये यादीतल्या द्रव्याचा आरोप होता, पण त्या द्रव्याचा नमुना कुणाच्याच हाती नव्हता.

एसेंडनची गोष्ट

एसेंडन हा मेलबर्नचा क्लब. तिथला फुटबॉल आपल्या मुलांच्या फुटबॉलपेक्षा वेगळा आहे. चेंडू लांबट, संघात अठरा खेळाडू, आणि चेंडू हातात घेऊन पळायला मुभा. पण त्या शहरात या खेळाचे वेड कोलकात्यातल्या मोहन बागान-ईस्ट बंगालपेक्षा कमी नाही. जेम्स हर्ड हा एसेंडनचा एके काळचा लाडका खेळाडू २०११ पासून क्लबचा प्रशिक्षक होता. २०१२ च्या मोसमासाठी क्लबने स्टीफन डँक या क्रीडावैज्ञानिकाला बरोबर घेतले आणि खेळाडूंची ताकद वाढवण्यासाठी, थकवा लवकर भरून यावा यासाठी इंजेक्शनांचा एक कार्यक्रम सुरू झाला.

खेळाडूंकडून संमतिपत्रे लिहून घेण्यात आली. दिले जाणारे सर्व नियमात बसते, असे त्यांना सांगितले होते. ‘स्वखुशीने’ची ही आधुनिक आवृत्ती. त्या पत्रांत ‘थायमोसिन’ असा शब्द होता. क्लबचे जुने डॉक्टर ब्रूस रीड यांनी २०१२ च्या आरंभीच या प्रकाराबद्दल चिंता व्यक्त करणारे पत्र लिहिले होते. कार्यक्रम चालूच राहिला.

फेब्रुवारी २०१३ मध्ये क्लबने स्वतःहून अधिकाऱ्यांना कळवले, की आमच्याकडे काय दिले गेले याची आम्हालाच खात्री नाही. क्लबने नेमलेल्या झिगी स्वित्कोव्स्की यांच्या समितीनेही मेमध्ये सांगितले, की क्लबमध्ये औषधांचे प्रयोग चालले होते आणि त्यांवर ना पुरेसे नियंत्रण होते, ना नीट नोंदी. स्वित्कोव्स्की मूळचे अणुभौतिकीचे डॉक्टरेट. नोंदवहीचे महत्त्व त्यांना सांगायला नको.

आता ‘थायमोसिन’ म्हणजे काय ते पाहू, कारण सगळा खटला या एका शब्दावर फिरला. छातीत, हृदयाच्या वर, थायमस नावाची ग्रंथी असते. वासराच्या थायमसमधून जे पेप्टाइड प्रथम वेगळे केले गेले त्यांना थायमोसिन म्हणतात. ते एक नाही. थायमोसिन अल्फा-१ मध्ये २८ अमिनो आम्ले असतात आणि ते प्रतिकारशक्तीशी संबंधित आहे. थायमोसिन बीटा-४ मध्ये ४३ असतात. ते पेशीतल्या ॲक्टिन या प्रथिनाला धरून ठेवते आणि जखम भरून येण्यात भाग घेते. खेळाडूंसाठी बंदी आहे ती या बीटा-४ वर. याशिवाय थायमोमोड्युलिन नावाचे एक निराळेच औषध आहे, ते चालते. संमतिपत्रावर नुसतेच थायमोसिन! एखाद्या विद्यार्थ्याने प्रयोगवहीत नुसते ‘क्लोराइड’ लिहिले तर आपण त्याला विचारतो, कशाचे क्लोराइड? मिठाचे की पाऱ्याचे? इथे हा प्रश्न कुणी वेळेवर विचारला नाही.

आणि नमुन्यांतूनही उत्तर मिळेना. बीटा-४ आपल्या सर्वांच्या शरीरात असतेच, रक्तातल्या बिंबिकांमध्ये तर भरपूर असते. बाहेरून टोचलेले कृत्रिम बीटा-४ अमिनो आम्लांच्या क्रमाने अगदी तसेच. वर पेप्टाइड शरीरात लवकर मोडते. स्टेरॉइड हुडकणारी यंत्रे या बाबतीत हतबल होती.

साखळी की दोर

मग दोष सिद्ध कसा करायचा? ऑस्ट्रेलियाच्या उत्तेजकविरोधी अधिकाऱ्यांनी धागेदोरे जुळवले. चीनमधून पेप्टाइडची भुकटी आली, ती औषध तयार करणाऱ्याकडे गेली, तिथून डँकपर्यंत, तिथून क्लबमध्ये, तिथून खेळाडूंच्या शरीरात. शिवाय फोनवरचे संदेश आणि संमतिपत्रे होती. मार्च २०१५ मध्ये लीगच्या न्यायाधिकरणाने ही मांडणी अमान्य केली. प्रत्येक टप्प्यावर ते द्रव्य बीटा-४ च होते याबद्दल आमचे पुरेसे समाधान झाले नाही, असे त्यांचे म्हणणे. सर्व ३४ खेळाडू सुटले. वाडाने लोझानच्या लवादाकडे दाद मागितली. ११ जानेवारी २०१६ रोजी लवादाने निकाल फिरवला आणि ३४ जणांवर दोन वर्षांची बंदी घातली. आधी भोगलेला काळ वजा जाऊनही २०१६ चा संपूर्ण मोसम बुडाला.

पुरावा तोच, निकाल उलटा. असे कसे? लवादाने म्हटले, की पुरावे साखळीच्या कड्यांसारखे पाहू नयेत, दोराच्या पदरांसारखे पाहावेत. हा फरक वर्गात सुतळी आणि कागदी कड्यांची साखळी घेऊन सहज दाखवता येईल. साखळीची एक कडी तुटली की साखळी गेली. सुतळीचा एक पदर तुटला तरी ती वजन पेलते. गणितही करून पाहता येते. पाच कड्या आहेत, प्रत्येक खरी असण्याची शक्यता ८० टक्के. सगळ्या एकदम खऱ्या असण्याची शक्यता ०.८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ३३ टक्के. याउलट पाच स्वतंत्र खुणा एकाच गोष्टीकडे बोट दाखवत असतील, तर प्रत्येक खूण एकेकटी दुबळी असूनही मिळून खात्री वाढते.

आमच्या मते लवादाचा दृष्टांत चांगला आहे, पण त्यात एक पाचर आहे. पदर खरोखरच वेगवेगळे हवेत. एकाच माणसाच्या बोलण्यातून आणि संदेशांतून निघालेले चार पुरावे हे चार पदर नव्हेत, एकाच पदराला पडलेले चार पीळ आहेत. एसेंडनच्या खटल्यात बऱ्याच वाटा डँकपाशी येऊन मिळत होत्या. म्हणून निकाल चुकीचाच होता असे आम्ही म्हणत नाही. खेळाडूंच्या विरुद्ध जाणारी एक गोष्ट डँकपासून स्वतंत्र होती. त्या मोसमात तपासणीच्या वेळी अलीकडे घेतलेल्या औषधांची माहिती फॉर्मवर लिहायची असते, आणि तिथे एकानेही थायमोसिनचा उल्लेख केला नव्हता. ज्याने विश्वासाने सुई टोचून घेतली, त्याने ती लपवली का? की ‘क्लबच्या बाहेर बोलू नका’ या वातावरणाचा तो परिणाम होता? लवादाने ती गोष्ट खेळाडूंच्या खात्यावर मांडली.

स्विस न्यायालयातही खेळाडूंचे अपील फेटाळले गेले. कर्णधार जोब वॉटसनला २०१२ चे ब्राउनलो पदक, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान, गमवावे लागले. ते ट्रेंट कॉचिन आणि सॅम मिचेल यांना विभागून देण्यात आले.

आता क्लबला काय झाले ते पाहू. लीगने ऑगस्ट २०१३ मध्येच, म्हणजे खेळाडूंचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी, एसेंडनला २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. ऑस्ट्रेलियाच्या खेळात इतका दंड तोवर कुणाला झाला नव्हता. त्या वर्षीच्या अंतिम फेरीतून क्लबला काढले, नवे खेळाडू निवडण्याचे काही हक्क काढून घेतले, हर्डला बारा महिने निलंबित केले. शिक्षा जबर होती. पण आरोप? ‘खेळाची बदनामी’ आणि कारभारातला ढिसाळपणा. उत्तेजकांचा नियम मोडल्याचा ठपका क्लबवर कधीच आला नाही. तो ३४ माणसांवर आला.

पुढचा भाग तर एखाद्या विनोदी नाटकात शोभावा. बंदीमुळे बारा खेळाडू गमावलेल्या एसेंडनला लीगने २०१६ साठी दहा बदली खेळाडू घेण्याची परवानगी दिली. तरी संघ तीनच सामने जिंकून तळाला गेला. त्या लीगमध्ये तळाच्या संघाला नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला क्रमांक मिळतो. त्याप्रमाणे देशातला सर्वांत गुणी समजला जाणारा नवा खेळाडू एसेंडनने उचलला.

क्लबला शिक्षा कशी असावी

गुण कापावेत, स्पर्धेतून काढावे, ही मागणी ऐकायला न्याय्य वाटते. नायजेरियाला आणि आर्सेनलला तेवढेच समाधान. एका सामन्यापुरते आम्हीही त्या बाजूचे आहोत. ज्या सामन्यात उत्तेजक घेतलेला खेळाडू खेळला, त्याचे गुण त्याच्या संघाकडे राहू नयेत. तिघांची वाट पाहण्याचे कारण नाही. मोसमाचे गुण कापणे मात्र निराळे. वाडाच्या नियमाप्रमाणे नमुने दहा वर्षे ठेवून पुन्हा तपासता येतात. इतक्या काळात मैदानावरची मुले बदललेली असतात, आणि २०१२ च्या सुयांची शिक्षा २०१६ चा संघ भोगतो.

नुसता दंड करावा, तर मोठ्या क्लबला तो जाणवत नाही. इंग्लंडमध्ये खेळाडू तपासणीसाठी कुठे सापडतील याची माहिती क्लबने द्यायची असते. ती तीनदा चुकीची निघाली म्हणून २०१७ मध्ये मँचेस्टर सिटीला ३५,००० पौंड दंड झाला. त्या क्लबच्या नामांकित खेळाडूचा आठवड्याचा पगार त्याहून अधिक होता.

आम्हाला त्यातल्या त्यात योग्य वाटते ती नवे खेळाडू घेण्यास मनाई. ती क्लबला लागते, असलेल्या खेळाडूंना लागत नाही. फुटबॉलला ही शिक्षा नवीन नाही. अठरा वर्षांखालील परदेशी मुलांच्या नोंदणीत नियम मोडले म्हणून बार्सिलोनाला २०१५ मध्ये आणि चेल्सीला २०१९ मध्ये ती भोगावी लागली. मुलांच्या कागदपत्रांसाठी जे करता येते ते त्यांच्या शरीरात जाणाऱ्या औषधांसाठी का करता येऊ नये?

पण त्याआधी दोष कशाला म्हणायचे ते ठरायला हवे. खेळाडूसाठी जी कडक जबाबदारी आहे तीच क्लबला लावता येईल. क्लबच्या माणसाने खेळाडूला काही टोचले वा खायला दिले, तर त्याचे पूर्ण नाव, मात्रा, उत्पादन क्रमांक, तारीख आणि देणाऱ्याची सही नोंदवहीत हवी. नोंद नसेल तर द्रव्य कोणते होते हे शोधत बसायचे नाही. नोंद नसणे हाच क्लबचा गुन्हा. आमच्या प्रयोगशाळेत उंदराला दिलेल्या प्रत्येक मात्रेची नोंद असते. ती नसेल तर प्रयोग बाद होतो, आणि तो कुणाच्या हातून झाला याची चौकशीही होते. वाडाच्या संहितेत ‘व्यक्ती’ या शब्दाच्या व्याख्येत संस्थाही येते. म्हणजे शब्द आहेत. मात्र तिथली शिक्षा वर्षांच्या बंदीत मोजलेली, माणसाच्या आयुष्याच्या मापाची आहे.

हा विचार अगदीच हवेतला नाही. लवादाने ३४ खेळाडूंना दोषी ठरवले त्याच जानेवारी २०१६ मध्ये मेलबर्नच्या एका न्यायालयात एसेंडनविरुद्ध दुसराच खटला चालला. तो कामगार सुरक्षेच्या कायद्याखालचा होता, जो कायदा गिरणीला, गोदामाला आणि बांधकामालाही लागू होतो. खेळाडू हे नोकर, क्लब हा मालक, आणि मालकाने कामाची जागा सुरक्षित ठेवली नाही, एवढाच आरोप. सुईत बीटा-४ होते की आणखी काही, हे त्या न्यायालयाला ठरवावे लागले नाही. चीनची भुकटी नको, फोनचे संदेश नकोत, साखळी नको, दोर नको. क्लबने गुन्हा कबूल केला आणि त्याला दोन लाख डॉलर दंड झाला. तोवर त्या ३४ जणांच्या बंदीला तीन आठवडेही झाले नव्हते.